सड्यावरची तहान

मे महिन्यातला कोकणचा सडा ज्यानं पाहिला नाही, त्याला मी काय म्हणते ते कळायचं नाही. नजर जाईल तिथपर्यंत काळपट जांभा, त्याच्या भेगांत वाळून पिवळं पडलेलं गवत, आणि झाड म्हणाल तर औषधालाही नाही. पावसाळ्यात तिथे फुलं फुलतात आणि शहरातली माणसं पालथी पडून त्यांचे फोटो काढतात. उरलेलं वर्षभर तिथे फक्त वारा राहतो. अशा जागी साठी उलटलेल्या बाईनं घर करायला निघावं, ह्याला आमच्या चिरंजीवांनी 'आईचं खूळ' असं नाव दिलं होतं.

खूळ माझं एकटीचं नव्हतं. आम्ही बारा घरांची माणसं होतो. घरं इवलीशी, उभं राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी. वीज सूर्याची, स्वयंपाक आरशाच्या चुलीवर, संडासाचं खत आणि पाणी हवेतलं. ना तार, ना नळ. जमीन मात्र खालच्या कासारखोल गावाची, सगळ्यांच्या मालकीची. ती आम्हाला वापरू द्यायची का, हे ठरवायला गाव देवळाच्या सभामंडपात जमलं होतं, आणि आम्ही मंडळी नव्या सुनांसारखी अंग चोरून बसलो होतो.

सरपंच मंदा घाडी उठल्या. गावातली एकुलती एक बेकरी त्यांची. पिठाचे हात पदराला पुसतच आल्या होत्या.

"आयका," त्या म्हणाल्या. "ह्याच्या आधी ते बंगलेवाले इले. 'आमका थोडाच पाणी व्हया' म्हणाले, आणि मे महिन्यात आमच्या बावीचो तळ दिसलो. तुमी हवेतला पाणी पितलात म्हणतास, प्या. ऱ्हवा सड्यार, आमचा काय म्हणणा नाय. पण आमच्या बावीतलो एक थेंब तुमका मिळाचो नाय. आणि ज्या दिवशी पाण्याचो टँकर ही घाटी चढात, त्या दिवशी तुमी घाटी उतरायची. मान्य?"

बाई विहिरीपायी पोळलेली होती, तिचं काही चुकत नव्हतं. आम्ही मान्य केलं. अट अशी की पहिला उन्हाळा टँकरशिवाय काढायचा. काढला तर सडा आमचा, नाहीतर आल्या वाटेनं परत. इतरांचं मला ठाऊक नाही, पण माझी परतीची वाट ठाण्याच्या फ्लॅटमधल्या दिवाणखान्यात जात होती, आणि तिकडे जायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

तुम्ही म्हणाल, म्हातारीला मुलानं छळलं असेल. छे हो! निनाद गुणी मुलगा आहे. सून ऋजुता त्याहून गुणी. पण झोपायच्या खोल्या दोनच, त्यातली एक निनादच्या कामाची, म्हणून मी दिवाणखान्यातल्या दिवाणावर. दिवाणखान्यात झोपणाऱ्या माणसाला सगळ्यांच्या आधी उठावं लागतं आणि सगळ्यांच्या नंतर आडवं व्हावं लागतं. जन्मभर शाळेत शिवण शिकवलं, शेकडो मुलींना काजं-बटणं करायला लावली, आणि म्हातारपणी स्वतःची पाठ टेकायला परवानगी लागत होती.

"आई, तुला इथे काय कमी आहे?" निनादनं विचारलं होतं.

"कडी," मी म्हटलं. "आतून लावायची."

त्याला ते कळलं नाही. ऋजुताला कळलं, पण ती बोलली नाही. त्या दिवसांत आमचं बोलणं जरा जपूनच चालायचं. कारण होतं धूप. मला तिन्हीसांजेला धूप लागतो. नारळाच्या करवंटीचा निखारा, त्यावर ऊद आणि गुग्गुळ, आणि माझ्या आईचं पितळी धुपाटणं. ते घरभर फिरवलं नाही तर मला दिवस संपला असं वाटतच नाही. आणि आताची घरं कशी झालीत तुम्हाला माहीत आहे. भिंतीत बसलेली ती बाई एके संध्याकाळी म्हणाली, "दिवाणखान्यात धूर आढळला आहे," आणि छतातून पाण्याचे फवारे सुटले. देव भिजले, सोफा भिजला, ऋजुताचा लॅपटॉप भिजला. शब्दानं शब्द वाढला. मी म्हटलं, माझे देवसुद्धा ह्या घरात पाहुणे आहेत. ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, तुमच्या धुपाबद्दल मी ह्यापुढे एक अक्षर बोलणार नाही. शपथ." आणि पोरीनं शपथ पाळली. धूप मी आपणहूनच बंद केला.

गंमत म्हणजे मला त्या घराबाहेर काढणारी वस्तूही तिनंच बनवली. ऋजुता रसायनशास्त्रातली. तिच्या प्रयोगशाळेत एक पांढरी भुकटी तयार झाली, तिचं नाव उच्चारताना कवळी निघून येईल. मी तिला 'तहान' म्हणायला लागले आणि पुढे सगळेच म्हणायला लागले. जेवताना एकदा ऋजुतानं मला ती समजावून सांगितली.

"आई, ही भुकटी म्हणजे नुसती भोकं आहेत," ती म्हणाली. "धातूचे अणू म्हणजे खांब, त्यांना जोडणारे कार्बनचे दांडे, आणि मध्ये सगळ्या मोकळ्या खोल्या. चमचाभर भुकटीतल्या सगळ्या खोल्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर क्रिकेटचं मैदान झाकेल. हवेत पाण्याची वाफ असतेच. ती ह्या खोल्यांत शिरते आणि भिंतींना चिकटते. घट्ट नाही, हलकी. सकाळी ऊन लागलं की पुन्हा सुटते. ती गार पत्र्यावर धरली की झालं पाणी."

"आणि हवेत तेवढं पाणी असतं?"

"कोकणात कपडे वाळत नाहीत ना? त्यांच्यातलं पाणी घ्यायला हवेत जागाच नसते. विहिरी आटतात तेव्हासुद्धा समुद्रावरून येणारी हवा भरलेली असते. फक्त माणसं हवीत, तिथे राहून वर्षभर हे वापरून बघणारी."

"मी जाते," मी म्हटलं. निनादचा घास हातातच राहिला.

दिवाळीनंतर आम्ही राहायला गेलो. प्रत्येक घराची एक भिंत तहानेची. तिला बाहेरून लाकडी झडपा. सूर्य कलला की झडपा आपोआप उघडायच्या आणि समुद्रावरचा वारा आत घ्यायच्या. सकाळी मिटायच्या, वरची काळी काच तापायची आणि आतल्या नळीतून टप टप पाणी सुरू व्हायचं. पहिल्या दिवशी ते पाणी मी ओंजळीत घेऊन प्याले. चव काहीच नव्हती, म्हणून पुढे शिंपल्यांच्या चुऱ्यातून गाळायला लागलो. पण त्या क्षणी मला ते अमृत लागलं. मग घरात गेले, दार लावलं, कडी घातली आणि भर दुपारी दोन तास झोपले. इतकं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

संध्याकाळी धुपाटणं काढलं. इथे कोण अडवणार? ऊद-गुग्गुळाचा वास सड्यावर पसरला तशी शेजारपाजारची माणसं नाकं वर करून बाहेर आली. सगळी माझ्यासारखीच, फ्लॅटमधल्या भिंतीतल्या बाईला भिऊन जगलेली. "काकू, किती वर्षांनी हा वास आला!" म्हणत एकेकीनं निखारा नेला. आठवडाभरात दारोदार धूप सुरू झाला. तिन्हीसांजेला झडपा उघडायच्या, दिवे लागायचे आणि घराघरातून धूर निघायचा. ऋजुताला फोटो पाठवावा असं मनात यायचं, पण म्हटलं, कशाला जुनी खपली काढा.

ह्या सोहळ्यात नसायचे ते एकटे पेडणेकर. नाटक कंपनीत ऑर्गन वाजवून म्हातारे झालेले ब्रह्मचारी गृहस्थ. त्यांना दम्याचा त्रास. त्यांनी घरच मुळी समुद्राच्या बाजूला, सगळ्यांच्या पुढे, वाऱ्याच्या तोंडावर मागून घेतलं होतं. धूप दिसला की ते तोंडाला पंचा लावून कड्याकडे चालू लागायचे.

होळी झाली आणि पाणी घटायला लागलं.

आधी वाटलं, भास आहे. मग भांडी धुताना हात आखडायला लागले. मग अंघोळी एक दिवसाआड. चैत्रात तर नळीतून टप व्हायचं आणि पुढच्या टपची वाट बघत बसावं लागायचं. हवा तर चिकचिकत होती, उलट थंडीपेक्षा जास्तच. प्रयोगशाळेतून दोन इंजिनिअर आले. त्यांनी झडपा पाहिल्या, काचा पाहिल्या, नळ्या पाहिल्या, सगळं ठीक आहे म्हणाले आणि उजेड आहे तोवर घाटी उतरली पाहिजे म्हणून चारलाच निघून गेले.

एकट्या पेडणेकरांची टाकी काठोकाठ भरलेली. झालं, बारा घरांत बोलणं सुरू झालं. "दुसऱ्यांच्या टाकीतलं काढत असतील." "काढायला कशाला लागतंय, अंघोळच करत नसतील." मीही हसले त्यात, खोटं कशाला बोलू? पेडणेकरांच्या कानावर गेलं असणार, कारण ते माझ्याशी बोलायचे बंद झाले.

निनादचा फोन आला. "आई, दिवाणाला नवी गादी केली आहे. मे महिना लागायच्या आत ये. उगाच हाल करून घेऊ नकोस." तो प्रेमानं बोलत होता आणि मला रडू फुटत होतं. दोन घरांत टँकर मागवायची कुजबुज सुरू झाली होती. लहान मुलं होती त्यांच्याकडे, त्यांना तरी काय बोलणार? टँकर घाटी चढला की सगळंच संपणार होतं. मी त्या संध्याकाळी धुपाटणं हातात घेऊन दारात उभी राहिले आणि मनात आलं, तेलही गेलं, तूपही गेलं, हाती हे धुपाटणं तेवढं राहिलं. खूप भीती वाटली मला.

दुसऱ्या दिवशी ऋजुता स्वतः आली. दुपारभर भिंतीशी खटपट केली. तिलाही काही सापडेना. राहायला आली होती, म्हणून संध्याकाळीही होती. प्रयोगशाळेतलं माणूस सड्यावर तिन्हीसांजेला थांबण्याची ती पहिलीच वेळ. झडपा करकरत उघडल्या. मी नेहमीप्रमाणे निखाऱ्यावर ऊद टाकला, ओळीनं सगळ्या दारांतून धूर उठला, आणि वाऱ्यानं तो मागच्या मागच्या घरांवर नेला. माझी सून अंगणात दगडासारखी उभी. माझ्या धुपाटण्याकडे बघते, झडपांकडे बघते, तोंड उघडते, मिटते. डोळे मोठे झालेले.

"काय गं?"

"काही नाही."

"ऋजुता, काय झालं?"

"मी शपथ घेतली आहे, आई," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही म्हणून."

मी धुपाटणं जमिनीवर ठेवलं. "शपथ सुटली. माझी आज्ञा समज. बोल!"

मग ती जी सुटली! ऊद म्हणजे राळ, गुग्गुळही राळच. जळताना त्यांचं तेल वाफ होऊन हवेत जातं. तहानेच्या खोल्या ज्या वेळी दारं उघडून हवा आत घेतात, नेमक्या त्याच वेळी आम्ही त्यांच्या तोंडाशी ते तेल सोडत होतो. पाण्याची वाफ सकाळच्या उन्हानं सुटते, पण राळेचं तेल भिंतींना चिकटून बसतं. रोज थोड्या खोल्या बंद. प्रयोगशाळेत त्यांनी मीठ, धूळ, गाड्यांचा धूर, सगळं तपासलं होतं. धूप तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण धूप जाळू देईल असं घरच तिथे कुणाचं उरलं नव्हतं.

"म्हणून पेडणेकरांची टाकी भरलेली," मी म्हटलं. दोघी एकदम त्या पुढच्या घराकडे बघायला लागलो.

"पण हे बरं होतं, आई," ऋजुता डोळे पुसत म्हणाली. "भुकटी काढून चांगली भाजायची. ऊन पुरत नाही, उकळत्या पाण्याहूनही बरीच जास्त धग हवी. आणि धूर अजिबात नको. भाजलं की तेल निघून जाईल. पण एवढी मोठी भट्टी आपल्याकडे कुठे आहे?"

आपल्याकडे नव्हती. खाली होती.

सकाळी मी ऋजुताला घेऊन घाटी उतरले आणि मंदा घाडींच्या बेकरीत गेले. पहाटेचे पाव निघून गेले होते, बाई गल्ल्यावर टेकून चहा पीत होत्या. मला बघून कप खाली ठेवला.

"पाणी सोपला काय?"

"मंदाताई, पाणी मागायला नाही आले. विस्तव मागायला आलेय."

"विस्तव? तुमचा तर सूर्यार शिजता!"

मी सगळं सांगितलं, धुपासकट. लपवून काय करायचं होतं? बाई पोटभर हसल्या. मग गंभीर झाल्या.

"देवळात अट घातली ती मीच."

"अट पाण्याची होती. विस्तवाबद्दल काही बोलणं झालेलं नाही."

मंदाताईंनी कप पुन्हा उचलला. "माझी आजी म्हणायची, शेजारीण भांडलली असली तरी तिका चुलीतलो विस्तव नाय म्हणा नये. तिची चूल थंड ऱ्हवली तर पाप आपणाक." त्यांनी चहा संपवला. "पाव निघाले की मी लाकडां भायर काढतंय आणि भट्टी पुसून घेतंय. धूर नसता. पण धग दुपारपर्यंत ऱ्हवता. किती व्हयी?"

ऋजुतानं आकडा सांगितला. मंदाताईंनी तिच्याकडे बघून हात झटकले. "मगे असा सांग ना, नानखटाईची धग!"

भिंती उघडायच्या म्हणजे सगळ्या घरांचं उरलंसुरलं पाणीही बंद. भुकटी भाजून परत बसेपर्यंत काय प्यायचं हा प्रश्नच होता. तेवढ्यात दारात पेडणेकर. दोन्ही हातांत कळशा, मागे आणखी भरून ठेवलेल्या.

"सामंतबाई, अंघोळ करत नाही म्हणता ना मी? घ्या, माझ्या न केलेल्या अंघोळी घराघरात वाटून टाका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडले. ते म्हणाले, "हात कसले जोडता, कळशी धरा, जड आहे."

मंदाताईंच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये आम्ही तहान पसरली. रवा भाजायला घ्यावा तशी. पहिला ट्रे आत गेला आणि थोड्या वेळानं बेकरीच्या धुराड्यातून वास सुटला. दिवाळीपासून आमच्या दारात धूप घातलेल्या सगळ्या तिन्हीसांजा त्या भट्टीतून बाहेर पडत होत्या. ऊद, गुग्गुळ, करवंटी. अख्खं कासारखोल दरवळलं. देवळातला पुजारी धावत आला, कुणाची पूजा आहे म्हणून. बायका कडेवर पोरं घेऊन बघायला आल्या, आणि बघता बघता त्याही ट्रे उचलू लागल्या. मंदाताई मात्र कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"उद्याच्या पावाक देवळाचो वास येतलो! गिऱ्हाईक खातला की नमस्कार करतला?"

पहिल्या ट्रेची भुकटी माझ्याच भिंतीत भरली. त्या संध्याकाळी सड्यावर कुणी धूप लावला नाही. झडपा उघडल्या, वारा आत गेला, आम्ही नुसते बघत बसलो. सकाळी काच तापली. मी नळीखाली पातेलं ठेवलं. टप. मग टप टप. मग धारच लागली. ऋजुतानं मला मिठी मारली. दहा वर्षांच्या संसारात तिनं मला मारलेली ती पहिली मिठी. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडले आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही.

धूप आता सड्यावर सकाळी लागतो. झडपा मिटल्या की मगच. पेडणेकर तेवढ्या वेळात कड्यावर फिरून येतात. देवांनी तक्रार केलेली नाही.

मे महिना आला. खालच्या विहिरींना मचूळ पाणी यायला लागलं, आणि आमची सामायिक टाकी भरून वाहायच्या बेतात होती. ऋजुता सुट्टी काढून पुन्हा आली होती. सकाळची वेळ. आम्ही धूप लावत होतो तोच पेडणेकर कड्याकडून पळत आले. दम्याचा माणूस, पण पळत आले.

"टँकर! टँकर चढतोय घाटी!"

सगळे धावलो. खरंच, वळणावळणानं एक पिकअप चढत होती आणि तिच्यावर भली मोठी काळी टाकी. "कुणी मागवला?" मी ओरडले. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता. कुणीतरी त्याही धांदलीत फोटो काढून धाडला, ती सवय काही जात नाही.

पिकअप माझ्या दारात थांबली. आतून मंदा घाडी उतरल्या. टाकीवर हात आपटला. ती रिकामी होती, चांगली दणदणीत वाजली.

"काकी," त्या म्हणाल्या, पण नजर माझ्या पायांकडे होती. "आमच्या बावीत खारा पाणी इला. पोरांका पिऊक नाय. सरकारी टँकराचो पत्तो नाय. म्हणान इलंय."

मग त्या मान वर करून कसनुशा हसल्या. "टँकर सड्यार चढलो. अट माझीच. आता काय करूया?"

"करायचं काय?" मी म्हटलं. "शेजारणीला विस्तव नाकारू नये म्हणता, मग पाणी कसं नाकारायचं? ऋजुता, पाइप आण गं!"

पाणी टाकीत धबधबा कोसळायला लागलं तेव्हा मंदाताईंनी त्याखाली ओंजळ धरली, प्याल्या, आणि ओला हात माझ्या गालाला लावला. "सडो तुमचो," त्या म्हणाल्या. आमच्या बारा घरांनी जो ओरडा केला तो खालच्या देवळात ऐकू गेला म्हणतात. पेडणेकरांनी तर दम लागलेला असतानाच नांदी धरली, अर्ध्यात खोकला आला म्हणून उरलेली आम्ही म्हटली, बेसूर. भरलेली पिकअप घाटी उतरून गेली. आमच्या सड्यावरून गावात पाणी चाललं होतं, आणि मी कमरेवर हात ठेवून ते बघत होते.

फोन वाजला. निनाद. तो फोटो त्याच्यापर्यंत पोचला होता.

"आई, टँकर चढला ना अखेर?" आवाज हळुवार होता. "वाईट वाटून घेऊ नकोस. तू प्रयत्न केलास. मी दिवाण आवरून ठेवतो."

"ठेव, ठेव," मी म्हटलं. ऋजुता शेजारी तोंडावर हात धरून हसत होती. "गणपतीत चार दिवस येणार आहे मी. पाहुणी म्हणून."

फोन ठेवला, घरात गेले आणि आतून कडी घातली.